तीन बँकर

कर्जतमध्ये ‘बँकर’ म्हटलं की कोणाच्या डोळ्यांपुढे माणूस येत नाही, इंजिन येतं. पुण्याकडे निघालेली गाडी इथे थांबते, तिच्या मागे दोन-तीन इंजिनं लागतात आणि ढकलत ढकलत तिला बोरघाट चढवतात. चढ 37 फुटांना एक फूट. ही इंजिनं म्हणजे बँकर. मी बँकेच्या कर्जखात्यात 34 वर्षं काढली. ‘कर्जतचा कर्जवाला’ ही कोटी आठवड्यातून एकदा ऐकली, पण बँकर मला कोणी म्हटलं नाही.

म्हटलं ते गेल्या डिसेंबरात, खोपोलीच्या भाचीने. “मामा, तू बँकर ना? मग बँकर्स अल्गोरिदम तुला येत असेल.”

तिला कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी करायची होती. “मामाने जन्मभर अर्ज वाचलेत, त्याला दाखव,” असं सांगून ताईने तिला लॅपटॉपसकट माझ्याकडे धाडलं. मामाने त्यातले बरेचसे फेटाळलेत, हे सांगायचं ताई विसरली.

परदेशावर घरात एकमत नव्हतं. पवईच्या आयआयटीसाठी गेट द्यायची होतीच. तीन तास, 65 प्रश्न. शिवाय कुलाब्याची टाटा इन्स्टिट्यूट. तिथे 1960 साली आपल्या माणसांनी कॉम्प्युटर बांधून चालवला आणि पुढे नेहरूंनी त्याचं टिफ्रॅक असं बारसं केलं, हे भाचीने उत्साहाने सांगितलं. भाऊजी म्हणाले, “टाटांचं पॉवरहाऊस 1915 पासून आपल्या खोपोलीत आहे. त्यासाठी कुलाब्याला कशाला जायचं?” माझ्या आईच्या लेखी मात्र कुलाबा म्हणजे आपलाच जिल्हा. 1981 साली त्याचं रायगड झालं, हे तिने अजून मनावर घेतलेलं नाही. त्यामुळे नात घरातच राहणार म्हणून ती निर्धास्त. इकडे पीएचडीला सुरुवातीलाच महिना 37 हजार फेलोशिप मिळते हे कळल्यावर ताई म्हणाली, “मग ही नोकरीच की, शिकणं कसलं?” (पुन्हा 37. घाट काही पाठ सोडत नाही.)

परदेशी अर्जाचं मुख्य अंग म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. आपण कोण, काय केलं, पुढे काय करणार, हे दोन पानांत. तिच्या खर्ड्याचं पहिलं वाक्य होतं, लहानपणापासून मला कॉम्प्युटरची आवड आहे. मी ते खोडलं. दुग्धव्यवसायाचं कर्ज मागायला आलेल्या प्रत्येकाला लहानपणापासून गाईची आवड असते. पुढचा सगळा मजकूर असा, की हिने काही केलंय की नाही याचीच शंका यावी. ‘थोडाफार प्रयत्न केला’, ‘सरांच्या मार्गदर्शनामुळे जमलं’. तिचा तरी काय दोष? स्वतःची स्तुती स्वतः करणारा मूर्ख, हे सांगणारा दासबोध आमच्याच जिल्ह्यातल्या शिवथरघळीत लिहिला गेला असं मानतात. ते पाणी अंगात मुरलेलं.

“बरं, तुझा तो बँकर काय करतो?” मी विषय बदलला.

तिने कागदावर सिंगल लाइन काढली, तिच्यावर समोरासमोर दोन गाड्या. दोघी अडल्या, कोणीच मागे हटत नाही. याला डेडलॉक म्हणतात. कॉम्प्युटरच्या आत कामांची अशी कोंडी होऊ नये म्हणून डायक्स्ट्रा नावाच्या डच गृहस्थाने 1960 च्या दशकात युक्ती काढली, तीही बँकेवरून. प्रत्येकाने जास्तीत जास्त किती लागेल ते आधीच सांगून ठेवायचं. मागणी आली की बँकरने बघायचं, आत्ता एवढं दिलं तर उरलेल्यात निदान एकाचं काम पुरं होईल का, त्याने परत केलेल्यातून दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं? असा क्रम दिसला तर द्यायचं, नाहीतर थांब म्हणायचं.

“पण आमच्याकडे आलेल्या एकालाही आपल्याला नक्की किती लागणार ते आधी माहीत नसायचं,” मी म्हणालो. “लग्नाचं म्हणून घेतलेलं विहिरीत जायचं.”

ती ताडकन उठली. “मामा, हेच! गरज आधी माहीत नसेल तर काय करायचं, हाच तर माझा प्रश्न आहे!”

“मग तो यात कुठे आहे?”

नव्हता. आमचा बँकेचा फॉर्म तुमच्याकडे काय आहे ते विचारायचा. जमीन किती, दागिने किती, जामीन कोण. तिनेही भाबडेपणाने तसाच भरला होता. त्या रात्री तिने अर्ज नव्याने लिहिला, आपल्याला काय कळलेलं नाही तिथपासून सुरू करून. लिहिताना पोरगी खुशीत होती. मी चहा करत राहिलो.

राहिले जामीनदार. तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात, आणि ती ते परस्पर पाठवतात. हे खरे बँकर. मागून ढकलतात, लोणावळ्याला सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी कर्जतला परत येतात; पुण्याला उतरणाऱ्याला ते दिसतही नाहीत. वंदे भारतला म्हणे बँकर लागत नाही. असेल. आमची साधी मेल गाडी.

दोन लागले. तिसरे सर परीक्षेच्या गडबडीत. मुदत 15 डिसेंबर रात्री 11:59, पण कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने. म्हणजे आमच्याकडे 16 तारखेच्या दुपारी 1:29. ताई फोनवर म्हणाली, “काल संपलेली तारीख आज जेवायच्या वेळेला कशी संपेल?” भाचीने सरांना आठवणीचा मेसेज पाच वेळा लिहिला, पाच वेळा खोडला, सहाव्यांदा नुसतंच ‘नमस्कार सर’ पाठवलं. 1:10 ला तिसऱ्या नावापुढे हिरवी खूण आली.

मग आम्ही स्टेशनवर गेलो. पुण्याची गाडी उभी होती, खिडक्यांतून हात वड्यांसाठी बाहेर आले होते, मागे इंजिनं जोडणं चाललं होतं. पलीकडे खोपोली लोकल लागली. ती खिडकीशी बसली आणि वडापावाचा कागद सोडता सोडता म्हणाली, “मामा, तू किती जणांचे अर्ज फेटाळलेस रे?”

“वडा गार होतोय,” मी म्हणालो. “खा आधी.”