खऱ्याने खऱ्यासारखं वागावं

ठगांचा बंदोबस्त पोलीस करतील तेव्हा करतील. मला तक्रार करायची आहे ती प्रामाणिक मंडळींची: आपल्या बँकांची, विमावाल्यांची, दुकानदारांची. दिवसरात्र ‘सावध राहा’ म्हणून सांगणारी हीच मंडळी आपल्याला बेसावध राहायची सवय लावतात.

माझ्या बँकेचंच घ्या. अनोळखी लिंक उघडू नका, असा तिचा मेसेज येतो. त्याच्या पाठोपाठ त्याच बँकेचा दुसरा मेसेज येतो, पूर्वमंजूर कर्जाचा. त्यातली लिंक इतकी आखूड केलेली असते की बँकेचं नाव त्यात शोधूनही सापडत नाही. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला सांगितलं होतं, ते एवढ्याचसाठी की पत्ता बघताच माणसाने खरं-खोटं ओळखावं. पत्ताच झाकून पाठवला तर ओळखायचं काय?

मग फोन येतो. “सर, खात्रीसाठी जन्मतारीख सांगा.” फोन तिकडून आलेला आणि ओळख पटवायची मी! तुम्ही बँकेतूनच बोलताय हे कशावरून, असं विचारलं की पलीकडची मुलगी गोंधळते. तिचा दोष नाही, तिला ते कोणी शिकवलेलंच नसतं. व्यवहाराचे फोन 1600 ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून आणि जाहिरातीचे 140 वरून करावेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मध्येच बजावलं आहे. मला मात्र अजूनही साध्या दहा आकडी नंबरवरून फोन येतात.

त्यात भाषेचा प्रश्न. पेपर मिल, कोळसा खाणी आणि रेल्वेने आमच्या बल्लारपुरात कुठकुठली माणसं आणून वसवली. एकाच गल्लीत मराठी, हिंदी, तेलुगू ऐकू येते. ठगाला हे पक्कं ठाऊक आहे, तो समोरच्याच्या भाषेत बोलतो. बँकेची सावधगिरीची सूचना मात्र इंग्रजीत, बारीक अक्षरात. ज्याने उभी हयात खाणीत घालवली, त्याला ती कोण वाचून दाखवणार? नोव्हेंबर आला की पेन्शनरांना हयातीच्या दाखल्याची काळजी असते. “काका, तुमचा दाखला अपडेट नाही, पेन्शन थांबेल,” एवढं गोड मराठीत ऐकलं की माणूस पेन्शनचा पीपीओ नंबरही सांगतो आणि ओटीपीही.

2022 साली ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल’ हा ठगांचा मेसेज राज्यभर फिरला. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. कूलर बंद पडणार म्हटल्यावर कोण शांत डोक्याने विचार करणार? महावितरणचे मेसेज ‘व्हीके-एमएसईडीसीएल’ अशा नावाने येतात, कोणाच्या खासगी मोबाइलवरून नाही, हे तेव्हा महावितरणने वारंवार सांगितलं. 2025 पासून अशा नावांच्या शेवटी एक अक्षरही असतं: सरकारी मेसेजला जी, व्यवहाराच्या मेसेजला टी, सेवेच्या मेसेजला एस, जाहिरातीला पी. सोय चांगली आहे, पण ती लोकांना सांगितली कोणी? आमच्या शाखेत विम्याचे आणि सोनेतारण कर्जाचे फलक भिंतभर आहेत. या चार अक्षरांसाठी मात्र जागा मिळाली नाही.

आता झेरॉक्सचं दुकान. कागद काढून घ्यायचा तर म्हणतात, “भाऊ, व्हॉट्सॲप करा.” परवा प्रिंट निघेपर्यंत माझी नजर स्क्रीनवर गेली. एकाखाली एक आधार कार्डं, पॅन कार्डं, पासबुकाचं पहिलं पान, कोण्या बाईचा फोटो आणि सही. सगळं उघडं, आणि मागे रांगेत सहा माणसं. मी माझी फाइल डिलीट करायला सांगितली तर दुकानदाराला राग आला. माझ्या मते हे सांगावंच लागू नये. प्रिंट निघाली की फाइल गेली पाहिजे, आणि जिथे चालतं तिथे आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्यावी.

कापडाच्या, औषधाच्या दुकानात बिलाआधी मोबाइल नंबर मागतात. तो सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचा. नंबरासाठी अडून बसू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे 2023 मध्येच दुकानदारांना कळवलं होतं. तरी नाही म्हटलं की “सिस्टीम घेत नाही” हे ठरलेलं उत्तर.

एवढं होऊन पैसे गेलेच तर पहिला प्रश्न येतो, “ओटीपी तुम्हीच दिला ना?” रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने स्वतः माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजत बसू नये, ताबडतोब बँकेला कळवावं आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर लावावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात ते त्या पहिल्या तासा-दोन तासांतच.

शाखेत मी लेखी अर्ज दिला आहे. सूचना मराठी, हिंदी आणि तेलुगूत पाठवा, मेसेजमध्ये लिंक घालू नका, फोन 1600 वरूनच करा, आणि ती चार अक्षरं फलकावर लावा. अर्जाची पोच घेतली आहे. हयातीच्या दाखल्यांचा नोव्हेंबर लागायच्या आत एवढं झालं पाहिजे.