मायक्रोसॉफ्टचा वैरी आणि मावशीचा कूलर

अमरावतीच्या माणसाला मत असतं. गिल्या वड्याच्या गाडीवर असतं तसंच सलाइन लावलेल्या अवस्थेतही असतं. पण पुण्याहून ‘वर्क फ्रॉम होम’ घेऊन परतलेल्या पोट्ट्यांनी या कलेला जी उंची दिली, ती कपाशीच्या भावावर भांडणाऱ्या आमच्या पिढीला काही जमली नाही. कपाशीचा भाव निदान संध्याकाळपर्यंत कळतो. कोडची ओळ आत सरकवायला टॅब मारावा की स्पेस, याचा निकाल कोणत्याच बाजार समितीत लागत नाही.

आमचा भाचा साईनगरात राहतो. बडनेऱ्याच्या कॉलेजातून इंजिनीअर झाला आणि तेव्हापासून त्याचं एकच व्रत आहे : मायक्रोसॉफ्टला शिवायचं नाही. “मामा, मी त्याईचं काहीच वापरत नाई,” हे तो पाहुण्यांनाही सांगतो, विचारलं नसताना. लॅपटॉपवर लिनक्स, झाकणावर पेंग्विनचं स्टिकर.

एकदा बहीण चहा ठेवायला गेली तेवढ्यात मी त्याच्या मागे उभा राहून पाहिलं. कोड लिहायला त्यानं व्हीएस कोड उघडलं. ते मायक्रोसॉफ्टचं, 2015 पासून फुकट. भाषा टाइपस्क्रिप्ट; तीही त्यांचीच, 2012 ची. तयार तुकडे उतरवायला एनपीएम, ते 2020 मध्ये गिटहबनं घेतलं. आणि कोड जिथं ठेवतात ते गिटहब मायक्रोसॉफ्टनं 2018 मध्येच साडेसात अब्ज डॉलर मोजून घेतलेलं. यानं अर्धी ओळ लिहिली की उरलेली अर्धी कोपायलट लिहून देतो, तो त्याच घराण्यातला.

“मग त्याईचं तू वापरत नाहीस ते काय?”

“विंडोज,” भाचा म्हणाला.

त्याच्या निष्ठेवर मात्र शंका घेऊ नये. गिटहब विकलं गेल्याची बातमी आली त्या जूनमध्ये त्यानं रातोरात बिऱ्हाड हलवलं होतं. एकट्यानं नाही, जगभरातल्या अशाच हजारो स्वाभिमानी लोकांनी. सगळे गिटलॅबवर गेले. गिटलॅबची सेवा तेव्हा चालत होती ॲझ्युरच्या यंत्रांवर, आणि ॲझ्युर म्हणजे मायक्रोसॉफ्टच. घरमालकाशी भांडून निघालेला भाडेकरू त्याच मालकाच्या दुसऱ्या चाळीत पागडी भरून आला. ऑगस्टमध्ये गिटलॅबनंच आपला संसार गूगलच्या यंत्रांवर नेला, तेव्हा भाच्यानं “पाहा, आपण बरोबर होतो” म्हणून पेढे वाटले. गूगलचाही त्याला राग आहे, पण तो दुसऱ्या आठवड्यात येतो.

या सगळ्यात माझा जीव अडकतो तो गिटमध्ये. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायला लिनक्सची मंडळी एका कंपनीचं बिटकीपर नावाचं साधन फुकट वापरत होती. 2005 मध्ये कंपनीनं ती फुकटची सोय काढून घेतली. लिनक्सचा कर्ता लिनस टॉरवाल्ड्स वैतागला आणि काही दिवसांत त्यानं स्वतःचं गिट उभं केलं. त्यातली मूळ गोष्टच अशी की मधोमध कोणी मालक लागत नाही. ज्याच्या त्याच्या यंत्रात कामाचा सगळा इतिहास असतो. मालकाच्या जाचातून सुटायला बनलेली ही वस्तू. मग जगानं एकमतानं तो सगळा इतिहास उचलला आणि एकाच कंपनीच्या गोदामात नेऊन ठेवला.

वऱ्हाडाला याचं नवल वाटायचं कारण नाही. मूर्तिजापुरातून एका अंगाला अचलपूर आणि दुसऱ्या अंगाला यवतमाळ धरणारी आमची शकुंतला आठवा. इकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांत पोचावा म्हणून किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या कारभारात ती धावली. स्वातंत्र्यानंतर रेल्वे देशाची झाली, शकुंतलेचे रूळ तेवढे राहून गेले. गाडी आपली, ड्रायव्हर आपला, टपावर बसलेले तर अगदीच आपले. रूळ कंपनीचे, आणि त्यांचे पैसे रेल्वेनं भरायचे. 1921 साली मँचेस्टरात घडलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत तिला ओढत होतं.

हे ऐकून भाचा भडकला. “असा करार कोणी करते काय मामा? वाचून सही करा लागते न!”

“व्हीएस कोड उतरवताना तू अटी वाचल्या होत्या?”

व्हीएस कोडचा कोड खुला आहे, असं तो म्हणाला. कोड खुला आहे हे खरंच. पण कंपनी जो बांधून देते आणि हा जो उतरवतो, त्यावर कंपनीचा वेगळा परवाना असतो. एवढ्यावर त्यानं विषय हरिसालवर नेला.

मेळघाटातलं, आपल्याच जिल्ह्यातलं हरिसाल 2016 मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून जाहीर झालं. राज्य सरकारच्या जोडीला मायक्रोसॉफ्ट होतं. टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट येणार होतं. 2019 च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरेंनी ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत याच गावाची हवा काढली आणि जाहिरातीत झळकलेल्या लाभार्थी तरुणालाच व्यासपीठावर उभं केलं. भाच्याचं निदान स्पष्ट आहे : तिथं ओपन सोर्स वापरायला पाहिजे होतं. गावाला काय पाहिजे होतं, असं मी विचारलं. “ते रिक्वायरमेंटमध्ये येते मामा, ते दुसरी टीम पायते.”

शेवटी त्यानं स्वतःचा सर्व्हर थाटला. अकोल्याला, जठारपेठेत, मावशीच्या मागच्या खोलीत. ना गिटहब, ना ॲझ्युर. एप्रिल निभावला. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाला टेकला आणि एका दुपारी सगळं गप्प. भाच्याचा फोन गेला, “मावशी, तो डबा बंद काहून आहे?”

“कूलरले प्लग नव्हता बाप्पा. तुयावाला नुसताच घुरघुर करत होता, हवा तं फेकतच नाई.”

तेव्हापासून त्याचा कोड परत गिटहबवर आहे, तात्पुरता. पण हार मानलेली नाही. बड्या कंपन्यांच्या गुलामगिरीवर त्यानं परवा लिंक्डइनवर मोठा लेख टाकला. ते 2016 पासून कोणाचं आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. मामा आहे, दुष्मन नाही. लेखावर लाइकचा पाऊस पडला आणि बेंगळुरूच्या एका बाईंचा निरोपही आला : आपले विचार फार आवडले, ॲझ्युरवर काम केलं आहे का?

भाच्यानं लगेच उत्तर टाकलं : हो, चार वर्षं.