सदुसष्ट टक्के प्रोफेसर

सून अमेरिकेत प्रोफेसर आहे, असं सासूबाई कोल्हापुरात सगळ्यांना सांगतात. खोटं काहीच नाही. किती टक्के, एवढंच त्या सांगत नाहीत.

कॅलिफोर्नियात कायदाच आहे. कम्युनिटी कॉलेजातल्या अर्धवेळ शिक्षकाला एका कॉलेज-डिस्ट्रिक्टमध्ये पूर्णवेळाच्या ६७ टक्क्यांहून जास्त काम मिळत नाही. त्यापुढे गेलं की कायम करण्याचा प्रश्न येतो, आणि तो प्रश्न कोणालाच नको असतो. मग माणसं दोन-तीन डिस्ट्रिक्टांत शिकवतात आणि सगळं मिळून शंभराच्या वर जातात. त्यांना इथे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. सकाळी सॅन होजे, संध्याकाळी ओकलंड. डिकी हीच कचेरी. तीत पेपरांचे गठ्ठे, मार्कर आणि खायचं राहून गेलेलं सफरचंद. पैसे मुख्यतः वर्गातल्या तासांचे; पेपर आपण हौसेनं तपासतो, असं धरून चालतात. आपल्याकडे तासिका तत्त्वावर राबलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यातून सत्राच्या तोंडावर एखाद्या पूर्णवेळवाल्याचा वर्ग मुलांअभावी रद्द झाला, तर तुमचा भरलेला वर्ग त्याला जाऊ शकतो. भरल्या ताटावरून उठवणं म्हणजे काय, ते तेव्हा कळतं.

फायदेही आहेत. कमिट्यांत कोणी घेत नाही. विभागप्रमुख कोण होणार यावरच्या रुसव्याफुगव्यांत आपलं मत कोणी विचारत नाही. (सुरुवातीला याचं वाईट वाटतं. फार दिवस नाही.)

पण खरी मजा वर्गात. उच्चशिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये राज्याने ही कॉलेजं शिकू शकेल त्या कोणालाही खुली ठेवली. आज ती ११६ आहेत. त्यामुळे माझ्या संध्याकाळच्या स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात रात्रपाळीला निघालेली नर्सिंग असिस्टंट असते, सैन्यातून परतलेला मुलगा असतो, नातवंडं झोपवून आलेली आजीही असते. एकदा सरासरी शिकवत होते. आजी म्हणाल्या, “बस सरासरी वीस मिनिटांनी येते म्हणतात. मग मलाच अर्धा अर्धा तास का थांबावं लागतं?” हा प्रश्न फार मोलाचा. बसगाड्या कधी लागोपाठ येतात, कधी मोठा खंड पडतो; आणि थांब्यावर पोचणारा माणूस त्या लांब खंडातच सापडण्याची शक्यता जास्त. कंपनीची सरासरी खरी आणि आजींचा अनुभवही खरा. फळ्यावर मांडून दाखवलं तेव्हा आजींना केवढं समाधान! बस काही लवकर आली नाही, पण दोष आपल्या नशिबाचा नाही, हे गणिताने सिद्ध झालं. गाडीने येणाऱ्या हुशार मुलांनी हा प्रश्न मला कधी विचारलेला नाही.

ही नोकरी धरावी का, असं ओळखीतल्या बायका विचारतात. जरूर धरा. फक्त आधी बघा, आरोग्यविमा नवऱ्याच्या नोकरीतून मिळतोय ना.