बुडी मारा, पण मंगळसूत्र धरा!

काय दिवस आलेत बघा! राजा घाटावर आपली काशीयात्रेची मंडळी गंगेत उतरतात. पूर्वी बायका एका हाताने नाक धरायच्या आणि दुसऱ्याने नवऱ्याचा हात. आता दुसरा हात मंगळसूत्रावर! नवरा वाहून गेला तर होडीवाले काढतील, वाट्या कोण काढणार? आणि नवऱ्यांना त्याचं वाईट वाटतंय म्हणता? तेच वरच्या पायरीवरून ओरडताहेत, "अगं, घट्ट धर!" शेजारी ओल्या पंच्याला हात पुसून काका मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेत. तिथी बघतात? छे हो! आजचा भाव.

२०२५च्या एप्रिलमध्ये तोळा पहिल्यांदा लाखाला शिवला तेव्हा आपण सगळे एका सुरात म्हणालो, "आता उतरणार बघ." ऑक्टोबरात जगाच्या बाजारात औंसाने चार हजार डॉलर ओलांडले, तेव्हाही तेच म्हणालो. उतरायची वाट बघता बघता साखरपुड्यातल्या पाटल्यांच्या लग्नापर्यंत बांगड्या झाल्या, आणि बांगड्यांचं बारशापर्यंत काय होईल ते सोनार जाणे. सरकारने तर नऊ कॅरटच्या दागिन्यालाही हॉलमार्कचा मान दिला. म्हणजे निम्म्याहून जास्त दुसराच धातू, पण शिक्का अस्सल! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपल्या आज्या उगाच करून ठेवून गेल्या का?

बरं, मंगळसूत्र धरणाऱ्या बायकांना हसावं, तर जगातले शहाणे काय करताहेत? २०२२ पासून सलग तीन वर्षं देशोदेशींच्या मध्यवर्ती बँकांनी मिळून दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं उचललं. हे कोटबूट घालून व्याजदरावर प्रवचनं देणारे लोक! आणि २०२४ मध्ये खरेदीत पहिला नंबर कुणाचा? पोलंडचा! युद्धात परागंदा झालेले पोलंडचे लोक आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात येऊन राहिले होते, आठवतंय ना? घर टाकून पळावं लागलेल्यांना सोन्याची किंमत कुणी शिकवावी लागत नाही.

तिकडे अमेरिकेची तऱ्हा और. आयातशुल्काचा बडगा सोन्यावरही बसेल या धास्तीने २०२५च्या सुरुवातीला लंडनचं सोनं विमानात बसून न्यूयॉर्कला निघालं. बँक ऑफ इंग्लंडच्या तळघरातून वीट बाहेर काढायला आठवडे आठवडे थांबावं लागलं, म्हणजे रेशनची रांग बरी! त्याच सुमारास खुद्द ट्रम्पसाहेबांना वाटू लागलं की फोर्ट नॉक्सला जाऊन आपलं सोनं जागेवर आहे का ते बघून यावं. घ्या! तुमच्या आमच्या सासूबाई रात्री उठून कपाटाचं कुलूप ओढून बघतात, त्यांना आपण संशयी म्हणत होतो.

आणि बँकांना ही सोन्याची ओढ कशावरून? तिजोरीच्या किल्लीवरून. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि त्याची परदेशात ठेवलेली सुमारे तीनशे अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली गेली. ते योग्य की अयोग्य यावर पंडितांनी वाद घालावा. बाकीच्या देशांनी मात्र आपापल्या कनवटीला हात लावून पाहिला. पैसा आपला, तिजोरी दुसऱ्याची, मग रुसवा झाला की काय?

हा धडा घ्यायला जगाने इतकं लांब कशाला जावं? राजा घाटावर यावं. हा घाट पक्का बांधवला तो अमृतराव पेशव्यांनी, राघोबादादांच्या दत्तक चिरंजीवांनी. गादीचं जमेना, तेव्हा १८०३ मध्ये त्यांनी इंग्रजांशी तह केला आणि सालीना सात लाखांचं पेन्शन घेऊन पुण्याकडे पाठ फिरवली. बुंदेलखंडात कर्वीला संसार, काशीत घाट आणि अन्नछत्र. कंपनीचं पेन्शन म्हणजे त्या काळातली डॉलरमधली ठेवच की! बुडण्याची काय बिशाद? आणि १८५८ मध्ये कंपनीच्याच जनरल व्हिटलॉकच्या फौजेने त्यांच्या वारसांचा कर्वीचा खजिना उचलला. वर लंडनच्या कोर्टात खटला उभा राहिला, तोही मालक कोण यावर नव्हे, लुटीत कुणाचा वाटा किती यावर! निकाल लागला १८६६ मध्ये. आता सांगा, फसवलं कुणी म्हणायचं, पेन्शनने की सोन्याने? कागदही त्यांचा, तोफही त्यांची. सोन्याला तोफ अडवता येत नाही, हे मात्र भाव सांगणारा सोनार कधी सांगत नाही.

आपली रिझर्व्ह बँकही पोळलेलीच. १९९१ मध्ये परकीय चलन संपत आलं, तेव्हा सुमारे ४७ टन सोनं परदेशी बँकांकडे तारण ठेवावं लागलं आणि घराघरात सुतक आल्यासारखं झालं. घरातली पाटली गहाण पडली की असंच होतं ना? आता तिच्याकडे आठशे टनांहून जास्त सोनं आहे आणि २०२३-२४ मध्ये त्यातलं शंभर टन तिने इंग्लंडहून उचलून घरी आणलं. माहेरी ठेवलेला डबा सुनेने गुपचूप परत आणावा तसा!

या वेडाला आवर घालायचा प्रयत्न झाला नाही का? १९६३ मध्ये मोरारजीभाईंनी फर्मान काढलं, चौदा कॅरटपुढे नवा दागिना घडवायचा नाही. आपण मान डोलावली आणि ओळखीचा सोनार गाठला. आता तर ओळखही लागत नाही. दहा रुपयांचं 'डिजिटल' सोनं मोबाइलवर मिळतं. घालता येत नाही, मिरवता येत नाही, पण रात्री दोनदा उघडून बघता येतं.

काशीला आलं की काहीतरी सोडायचं, हा आपला रिवाज. आपण काय सोडतो? कारलं. कुणाला आवडतंय ते! यंदा आमच्या गाडीतल्या मंडळींनी मात्र गंगेची शपथ घेऊन भाव बघणं सोडलं. टाळ्या पडल्या, एकीच्या डोळ्यांत पाणीही आलं. मग सगळे निघालो आणि गोदौलियाच्या गर्दीत कुणीतरी हळूच विचारलं, "आज किती?"

एकदम पाच जणांनी सांगितला. आकडा पैशापर्यंत बरोबर होता. मीही मनात तोच म्हटला होता.