त्याचं संपलं!

गेल्या शुक्रवारी सकाळी साडेनऊला आमच्या तेरच्या स्टँडजवळच्या हॉटेलात एका नटाची अंत्ययात्रा निघाली. नट ठणठणीत आहे, मुंबईत कुठंतरी दंड फुगवत बसला असेल. गेलं ते त्याचं करिअर. निकाल देणाऱ्यानं बशीतला चहा ओढला, मोबाइल पालथा घातला आणि दोनच शब्द काढले, "त्याचं संपलं."

सिनेमाचा पहिला खेळ साडेदहाला होता.

निकाल देणाऱ्याची ओळख करून देत नाही. तो तुमच्याही गावात आहे, कदाचित तुमच्या घरातही असेल. आमच्याकडं त्याला 'समीक्षक' म्हणतात आणि ही थट्टा आहे हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्याच्या मतांशी माझं भांडण नाही. सिनेमा रटाळ वाटला, गाणी डोक्यावरून गेली, नायिका नायकाची लेक वाटली, हे सगळं बोलायला कुणाची बंदी नाही. तिकीट न काढता बोलायलाही नाही. मी अडकलोय तो त्या एका शब्दावर. संपलं.

आमच्याकडं काय काय संपतं ते बघा. गॅसची टाकी संपते, ती नेमकी पाहुणे आल्यावर. रिचार्ज संपतो. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी संपतं, पेरणीच्या तोंडावर दुकानातलं खत संपतं, आणि एसटीतली जागा तर गाडी स्टँडात शिरायच्या आधीच संपलेली असते. यातलं काहीही संपलं की माणूस कपाळाला हात लावतो. नटाचं करिअर संपलं की मात्र समीक्षक दुसरा चहा सांगतो. सोबत भजी.

म्हणून आषाढात मी एक शंभर पानी वही घातली. दिवाळीपर्यंत तीत बेचाळीस नट-नट्यांची नोंद झाली, सगळे संपलेले. त्यातले काही दोनदा संपले. एक जण तीनदा संपला, कारण मधे त्याचा एक सिनेमा चालला, तो उठून बसला आणि समीक्षकाला त्याला पुन्हा आडवं करावं लागलं. "ते गाण्यावर चाललंय," तो म्हणाला. "त्याचं काय न्हाई त्यात."

कारणंही टिपली आहेत. एकाचं संपलं, कारण त्यानं दाढी काढली. दुसऱ्याचं, कारण त्यानं ठेवली. एक जण सारख्या मुलाखती देतो म्हणून संपला, एक जण देतच नाही म्हणून. एकानं दक्षिणेतल्या सिनेमाची नक्कल केली, एकाला ती करायचं सुचलं नाही. एका बुजुर्गाचं काही केल्या संपेना, तेव्हा समीक्षकानं त्याच्या पोराचं सुरू व्हायच्या आधीच संपवून टाकलं. आणि बेचाळीसपैकी बहुतेकांच्या नावापुढं एकच कारण आहे, त्याच्याच शब्दांत: "डोळ्यांत आग राह्यली न्हाई."

मी विचारलं, "सिनेमा बघितलास का?"

"ट्रेलर बघितलाय की."

"पूर्ण?"

"आवं सर, पूर्ण कशाला? पंधरा सेकंदांत कळतंय. आगच न्हाई डोळ्यांत."

ही आग त्यानं हॉटेलाबाहेरच्या बाकड्यावर, भर उन्हात, मधोमध तडा गेलेल्या काचेवर शोधली होती. नटाचा एक डोळा तर तड्याखालीच गेला होता. मी म्हणालो, "जरा स्क्रीनचा उजेड वाढवून बघ." तो दचकला. "नको सर, बॅटरी संपतीय." आयुष्यात पहिल्यांदाच तो शब्द त्याच्या तोंडून काळजीनं आला.

पैशांचं तर विचारूच नका. २०१६ साली 'सैराट'नं शंभर कोटींचा आकडा ओलांडला आणि आमच्या भागात कोटी मोजायची साथ आली. शूटिंग परंड्याच्या पलीकडं करमाळ्यात झालेलं, म्हणजे ते कोटी जवळपास घरचेच. आता समीक्षकाला कुठल्याही सिनेमाची शुक्रवारची कमाई पाठ असते, शनिवारची पाठ असते, सोमवारी किती घसरला तेही तो तेराचा पाढा म्हटल्यागत म्हणतो. स्वतःच्या सोयाबीनला काय भाव लागला विचारलं की म्हणतो, आडत्याला माहीत. लाइटबिल? बायकोला माहीत. ज्या पैशातला एक रुपयाही खिशात येणार नाही त्याचा पैसान्‌पैशाचा हिशेब, आणि ज्यातला प्रत्येक रुपया खिशातून जातो त्याचा पत्ता नाही. इतकी निरिच्छ वृत्ती मी संतांच्या चरित्रातसुद्धा वाचली नाही.

इथवर मी हसतच होतो. पण वहीचं नायिकांचं पान उघडलं की हसू आवरतं. पुरुषांना संपायला निदान दाढीचं निमित्त लागतं. बाईचं कारण ठरलेलं. "वय झालं तिचं. आता आईचे रोल करावेत." हे कोण म्हणतंय? ज्याच्या डोक्यावरचे केस याच हॉटेलात, माझ्या डोळ्यांदेखत, गेल्या दहा वर्षांत एकेक करून रजा घेऊन गेले, तो. ती बत्तिसाव्या वर्षी म्हातारी, आणि तिच्यासमोर नाचणारा साठीचा नायक 'अजून काय फिट हाय राव'! त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तरी त्याचं पुनरागमन, तिनं पोरगी झाल्यावर वर्षभर सुट्टी घेतली तर तिचं संपलं. यात विनोद नाही. हा आमचा ओटा आहे, आमचं मंगल कार्यालय आहे आणि बाई नोकरीवर परत आली की 'आता कशाला?' विचारणारं आमचं ऑफिस आहे. पडदा फक्त मोठा आहे.

असो. समीक्षकाला एक फायदा आहे, तो उशिरा जन्मला. १९१३ साली तो गिरगावात असता तर भारतीय सिनेमा तिथंच आटोपला असता. विचार करा. 'राजा हरिश्चंद्र' लागलाय. बोलपट नाही, गाणं नाही. तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून दादासाहेब फाळक्यांनी हॉटेलात काम करणारा एक आचारी गाठला आणि त्याला लुगडं नेसवलं. समीक्षक थेटराबाहेर बसलाय. मोबाइल नाही, त्यामुळं बिचाऱ्याला प्रत्यक्ष दारातून डोकावावं लागतंय. डोकावला, पंधरा आकडे मोजले, बाहेर आला. "आचारी हाय त्यो. त्याचं संपलं." मग त्या आचाऱ्यानं काय करायचं? कढईपाशी परत जायचं. प्रत्यक्षात तो गेला नाही. १९१७ साली 'लंकादहन' आला, त्यात त्याच माणसानं राम केला आणि सीताही केली. एकाच सिनेमात नवराही तोच, बायकोही तीच, आणि लोकांनी हात जोडले. समीक्षक तिथंही असताच. "सीता बरी हाय," तो म्हणाला असता, "रामाच्या डोळ्यांत आग न्हाई." आणि कुणीतरी त्याच्या लक्षात आणून दिलं असतं की डोळे एकाच माणसाचे आहेत, तर त्यानं शांतपणे बशी खाली ठेवून सांगितलं असतं, "म्हणून तर म्हणलं, निम्मं संपलं."

आता माझं दुखणं सांगतो, नाहीतर हा लेख लिहून उपयोग काय. गेल्या वर्षी एक मराठी सिनेमा बघायचं मनात आलं. तेरहून एसटीनं निघालो, पुढं दुसरी गाडी धरली आणि जिल्ह्याबाहेरच्या एका चकचकीत चित्रपटगृहात पोचलो. खेळ किती? दिवसाला एक. कधी? सकाळी सव्वानऊला. सकाळी सव्वानऊला मराठवाड्यातला माणूस रानात असतो, ऑफिसात असतो किंवा पोरांना शाळेत सोडत असतो. सव्वानऊला सिनेमा फक्त बेकार बघू शकतो आणि बेकाराला ते तिकीट परवडत नाही. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम मुक्काम करून गेलो. खिडकीवरचा पोरगा म्हणाला, "काका, सात जणच आहेत, खेळ रद्द." शेजारच्या पडद्यावर हिंदी सिनेमाला नऊ जण होते, तो चालू. म्हणजे मराठी सिनेमा आणि हिंदी सिनेमा यांत दोन माणसांचं अंतर! मी म्हणालो, दोन तिकिटं जास्तीची काढतो. तो म्हणाला, तसं चालत नाही. मग मी पॉपकॉर्न घेतले, आमच्या हॉटेलात ज्या पैशात पाच माणसं जेवून सुपारी खातात त्या पैशात, आणि ते फुटपाथवर बसून खाल्ले. आठवड्यात सिनेमा उतरला. गावात आलो तर बाकड्यावरून स्वागत झालं, "आला व्हय सर? म्हणलं होतं ना, मराठी सिनेमा चालत न्हाई. संपलाय." अरे, चालू दिला तर चालेल ना! पाय बांधून पळायला सोडायचं आणि वर लंगडा म्हणायचं! आणि म्हणायचं कुणी, तर ज्यानं आपल्या खिशातल्या दमडीनं शेवटचं तिकीट कधी काढलं हे त्यालाही आठवत नाही त्यानं!

रागाच्या भरात मी त्याला गोरोबाकाकांच्या देवळापाशी नेलं. तेर म्हटलं की महाराष्ट्राला संत गोरा कुंभार आठवतात. चैत्र वद्य त्रयोदशीला इथं यात्रा भरते. मी म्हणालो, "आपल्या गावच्या माणसावर १९७४ साली कन्नडमध्ये 'भक्त कुंबार' निघाला, १९७७ साली तेलुगूत 'चक्रधारी' निघाला. माहीत आहे?"

"जुनं मी बघत न्हाई सर," तो म्हणाला. "त्यांचं संपलंय."

मग त्याला गावातल्या पुराणवस्तू संग्रहालयाच्या दारापर्यंत नेलं. आत एक हस्तिदंती बाई आहे, जुन्या तगरनगरातली, म्हणजे याच तेरमधली. इथला माल पैठणच्या वाटेनं भडोचला आणि तिथून जहाजानं पश्चिमेला जायचा त्या काळातली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ साली खोदकामात अगदी तिच्या वळणाची हस्तिदंती मूर्ती सापडली. घडवणाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. शुक्रवारी किती जमले, सोमवारी किती घसरले, काही नोंद नाही. दोन हजार वर्षं झाली, अभ्यासक अजून तिच्यासाठी वाट वाकडी करून येतात. आणि ज्याचं घर तिथून चालत पाच मिनिटांवर आहे तो म्हणतो, "आत कशाला जायचं सर, फोटो बघितलाय की."

मी हात टेकले. पण परत येताना गोरोबाकाकांचीच ती गोष्ट आठवली, जी या गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. संतांचा मेळा काकांच्या घरी जमलेला. मुक्ताबाईनं थापटण्याकडं बोट दाखवून विचारलं, हे काय? काका म्हणाले, मडकं पक्कं की कच्चं ते यानं कळतं. मग आमची मडकी बघा की, ती म्हणाली. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे मुकाट बसले, नामदेव तेवढे चिडले. काकांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं.

समीक्षणाचा धंदा म्हणाल तर तेरमध्ये तेव्हापासून आहे. फरक एवढाच, की त्या समीक्षकाचं आयुष्य चिखल तुडवण्यात आणि चाक फिरवण्यात गेलं होतं. आवाज ऐकून पारख करायला आधी हजार मडकी आपल्या हातानं भाजावी लागतात. आणि दुसरं, काका 'कच्चं' म्हणाले, 'संपलं' म्हणाले नाहीत. कच्चं म्हणजे आवा अजून बाकी आहे. नामदेव विसोबा खेचरांकडं गेले, भाजून पक्के झाले, पुढं पंजाबात घुमानपर्यंत पोचले. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन त्यांच्या नावानं थेट घुमानला भरलं. तेरमध्ये ज्याच्या डोक्यावर थापटणं बसलं त्याचं हे असं झालं.

तेव्हा समीक्षकबुवा, येत्या शुक्रवारी एसटी धरा, तिकीट काढा आणि दिवे लागेपर्यंत खुर्चीत बसा. मग खुशाल येऊन बाकड्यावर सांगा, नट कच्चा आहे. तेवढं म्हणायचा हक्क या गावाला सातशे वर्षांपासून आहे. त्यापुढचा नाही.