जर्मन झुरळाचं माहेर

पक्ष्यांबद्दल बोलणाऱ्याला समाजात मान असतो. बाल्कनीत सूर्यपक्षी आला, त्याच्याविषयी तुम्ही दोन वाक्यं बोललात, की लोक तुम्हाला रसिक म्हणतात. झुरळाविषयी तीच दोन वाक्यं बोललात, तर "फार झालीत का हो घरात?" असं हळू आवाजात विचारतात. शिवाय ही माहिती सांगायला मुहूर्तच सापडत नाही. झुरळ समोर असतं तेव्हा ऐकायला कुणी जागेवर नसतं, आणि ते समोर नसतं तेव्हा कुणाला त्याची आठवण नको असते.

पण एक श्रोता मला हक्काने मिळतो. पेस्ट कंट्रोलचा मुलगा. काम होईपर्यंत त्याला घराबाहेर पडता येत नाही. त्याने ओट्याखालचं कपाट उघडलं, बिजागरीवर टॉर्च मारला आणि निदान केलं, "काकू, जर्मन आहे."

"जर्मन कसलं? आपलंच आहे ते," मी म्हटलं.

झालं असं, की लिनियस नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६७ साली या बारक्या तपकिरी झुरळाचं बारसं केलं. नमुने जर्मनीतले, म्हणून नाव जर्मन. पण तिकडच्या कुठल्या रानात याचा एकही जवळचा नातलग सापडेना. हे स्वतःही रानात कुठे राहत नाही, याला माणसाचं घरच लागतं, तेही शक्यतो ऊबदार आणि खरकटं. अखेर २०२४ साली १७ देशांतल्या २८१ झुरळांची जनुकं तपासली गेली आणि मूळ गाव निघालं भारत-म्यानमारच्या बाजूला. सुमारे २१०० वर्षांपूर्वी, इकडे सातवाहनांचा काळ चालू असताना, शेतात, पाचोळ्यात राहणाऱ्या आशियाई झुरळापासून हे वेगळं निघालं आणि माणसाच्या घरात शिरलं. पुढे साधारण १२०० वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांच्या आणि सैन्यांच्या शिध्यातून ते पश्चिम आशियात गेलं, आणि युरोपात पोचलं ते जेमतेम २७० वर्षांपूर्वी.

पोचलं तेही ऐन लढाईत. आपण पानिपतावर होतो त्या सुमारास युरोपातही सात वर्षांचं युद्ध पेटलेलं होतं. रशियन लोक या झुरळाला 'प्रशियन' म्हणायचे आणि प्रशियन लोक त्यालाच 'रशियन' म्हणायचे. आपल्या कोठारातली घाण शत्रूच्या नावावर खपवण्याची ही युक्ती राजकारणात अजून वापरात आहे. मोठं लालसर झुरळ, जे पावसाळ्यात गटारातून वर येतं आणि वेळप्रसंगी उडतं, त्याला तर 'अमेरिकन' म्हणतात. ते मूळचं आफ्रिकेतलं. एकूण झुरळांच्या पासपोर्टवर विश्वास ठेवू नये.

मुलाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकू, त्याचं आधार कार्ड नंतर बघू. आधी ते डबे बाहेर काढा."

डबे काढता काढता मी जेलकडे वळले. पूर्वी पेस्ट कंट्रोल म्हणजे फवारा असायचा, घरात दोन दिवस रॉकेलसारखा वास आणि सगळ्यांचं डोकं धरलेलं. आता नळीतून मोहरीएवढे ठिपके देतात. त्यात विष असतं आणि विषाकडे बोलावायला गोड. अमेरिकेत अशा गोड आमिषांचा सपाटा सुरू झाला, आणि काही वर्षांत फ्लोरिडातली काही झुरळं त्यांच्याकडे पाठ फिरवू लागली. विष पचवायला शिकली असतील, असा पहिला संशय. तसं नव्हतं. त्यांना ग्लुकोजच नकोसं झालं होतं. का, ते २०१३ साली उलगडलं. झुरळाच्या तोंडाजवळच्या केसांत गोड ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या आणि कडू ओळखणाऱ्या वेगळ्या. या झुरळांच्या कडू ओळखणाऱ्या पेशीच ग्लुकोज लागताच ओरडायला लागत. म्हणजे यांना साखर कारल्यासारखी लागते. आपल्याकडे मधुमेहाचे डॉक्टर आयुष्यभर समजावूनही जे साधत नाही, ते या झुरळांनी काही पिढ्यांत साधलं. अर्थात, ज्यांना साधलं नाही ती मेली, हेही त्यात आलं.

पण पथ्याचे परिणाम संसारावर होतातच. या जातीत नर मादीसमोर पंख उचलतो आणि पाठीवरच्या ग्रंथींतून पाझरलेला गोड खाऊ पुढे करतो. ती खायला थांबली तर पुढची बोलणी. थोडक्यात कांदेपोहेच, फक्त इथे पोहे मुलाने करायचे. आता या खाऊत माल्टोज असतं आणि मादीच्या लाळेने त्याचं ग्लुकोज होतं. ग्लुकोज न सोसणारी मुलगी एक घास घ्यायची, तोंड वाकडं करायची आणि निघून जायची. स्थळं मोडायला लागली. मग २०२२ च्या सुमारास संशोधकांना दिसलं, की ग्लुकोज न सोसणाऱ्या नरांच्या खाऊची कृती बदलली आहे. त्यात आता लवकर ग्लुकोज न होणारी साखर जास्त असते. शिवाय हे नर बोलणी लांबवत नाहीत. तोंड वाकडं व्हायच्या आत कार्य उरकतात.

सासूबाई सोफ्यावरून हे सगळं ऐकत होत्या. "बघ," त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "झुरळसुद्धा बायकोच्या चवीने करायला शिकलं. तुला चहात साखर किती घालायची ते अजून विचारावं लागतं."

नवऱ्याचा पक्ष साधा आहे. तो चप्पल मानतो. त्याची चप्पल कधी झुरळाला लागलेली मात्र मी पाहिलेली नाही, आणि याचं कारणही मी त्याला सांगून पाहिलंय. झुरळाच्या शेपटाशी दोन छोटी शिंगं असतात. त्यांवरच्या बारीक केसांना हवेची हालचाल कळते. चप्पल खाली येण्याआधी तिच्यापुढची हवा खाली येते आणि सेकंदाच्या विसाव्या भागात झुरळ वळून पळत सुटलेलं असतं. मोठं अमेरिकन झुरळ सेकंदाला दीड मीटरपर्यंत धावतं, स्वतःच्या लांबीच्या पन्नासपट, आणि अगदीच घाई असेल तेव्हा मागच्या दोन पायांवर. समजा चप्पल लागली आणि मुंडकं तुटलं, तरी ते पुढे कितीतरी दिवस जगू शकतं. त्याला नाकाने श्वास घ्यायचा नसतो, अंगाच्या दोन्ही बाजूंना भोकं असतात. रक्ताला आपल्यासारखा दाब नसतो, त्यामुळे ते वाहून जात नाही. शेवटी मरतं ते तहानेने, कारण पाणी प्यायला तोंड उरत नाही. डोक्याविना इतके दिवस कारभार चालतो, ही गोष्ट मी आमच्या सोसायटीच्या कमिटीला मुद्दाम सांगितलेली नाही.

अणुयुद्धानंतर फक्त झुरळं उरतील, असं छातीठोकपणे सांगणारे लोक असतात. त्यात अतिशयोक्ती फार. किरणोत्सार झुरळ आपल्यापेक्षा जास्त सोसतं हे खरं, पण पिठात होणारे ते तांबडे किडे झुरळापेक्षाही कितीतरी जास्त सोसतात. तेव्हा पृथ्वीचा वारसा चाळणीत अडकून बसलाय आणि आपण तो उन्हात वाळत घालतोय.

बाकीच्या किड्यांबद्दल घरात फारसं बोलू दिलं जात नाही. माशी पायांनी चव घेते, तिला चावता येत नाही म्हणून ती पदार्थावर लाळ सोडून तो पातळ करते आणि मग ओढून घेते, आणि ती हात चोळताना दिसते तेव्हा खरं तर तेच चवीचे पाय साफ करत असते, एवढं मी एका लग्नात जिलबी वाढली जात असताना सांगितलं. तेव्हापासून मला पंगतीत कडेला बसवतात.

डासांचं मात्र नवरा स्वतः सांगतो, कारण चावतो तो डास नेहमी मादी असतो. नराचं फुलांतल्या रसावर भागतं, मादीला अंड्यांसाठी रक्त लागतं. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं त्याला उतारा म्हणून मी हुसेन खानची गोष्ट ठेवली आहे. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी या मलेरियाच्या रुग्णाला आपण पाळलेले डास चावून घ्यायला लावले. दर डासामागे एक आणा. दहा डास चावले, दहा आणे मिळाले. त्यांतल्याच एका डासाच्या पोटात २० ऑगस्टला रॉसना मलेरियाचा जंतू सापडला. आनंदाने त्यांनी कविता केली आणि पुढे १९०२ साली त्यांना नोबेल मिळालं. हुसेन खानचे दहा आणेच राहिले. तरीही डास चावल्याबद्दल रोख मोबदला मिळालेला माणूस म्हणून मला त्याचा हेवा वाटतो. आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर हेच काम सगळे फुकट करतात.

पेस्ट कंट्रोलचा मुलगा निघता निघता दाराच्या चौकटीपाशी थांबला. नखाने लाकूड टोकरलं, आत भुसा. "काकू, हे वेगळं काम आहे. वाळवी."

"वेगळं कसं?" मी म्हटलं. "वाळवी म्हणजे झुरळच."

हेही आता जवळपास वादातीत आहे. वाळवीला इंग्रज पांढरी मुंगी म्हणायचे, पण मुंगीशी तिचं काही नातं नाही. मुंगी मधमाशीकडची. वाळवी झुरळांच्याच घराण्यातली, आणि २००७ पासून शास्त्रज्ञही तिचा वेगळा गण मोडून तिला झुरळांत धरा म्हणू लागले. लाकूड खाणारी झुरळं असतात, ती तिची सर्वांत जवळची. आपण ज्याला मुंग्यांचं वारूळ म्हणतो तेही वाळवीचंच बांधकाम. आत ती बुरशीची शेती करते आणि पहिल्या पावसानंतर कोकणात, गोव्यात त्यावर जी अळंबी उगवतात, ती त्याच शेतातली. म्हणजे खणलं वाळवीने, नाव मुंगीचं, राहायला नागोबा, पूजाही त्याचीच आणि अळंबी आपल्याला. इतकं सगळं सोसून तिने एखादी चौकट खाल्ली तर मला तिचा फार राग येत नाही, असं मी म्हटलं.

मुलगा वाळवीच्या कामाचा वेगळा दर लिहीत होता. सासूबाईंनी मान वर केली.

"म्हणजे भावकीच म्हण की. एकाने स्वयंपाकघर घेतलं, दुसऱ्याने चौकटी. वाटणी झालीय त्यांची, आपल्याला कुणी विचारलंच नाही."