पहिल्या वर्षाचे मनोविश्लेषक

एफवायबीएला मानसशास्त्र घेतलेल्या मुलाच्या घरी दिवाळीपर्यंत कुणीच धड उरत नाही. आई कुलूप दोनदा ओढून बघते, म्हणजे ओसीडी. बाबा पेपरातून मान वर काढत नाहीत, म्हणजे डिफेन्स मेकॅनिझम. आजी बिचारी नुसती नावं विसरते, तर तिच्यावर थेट फ्रॉइड सोडला जातो. परीक्षेत प्रश्न पडतो व्हुंटच्या लायप्झिगमधल्या १८७९ च्या प्रयोगशाळेवर. तिथे मात्र गाइडची झेरॉक्सच तारते.

या मंडळींचं खरं माप १९४८ साली अमेरिकेत बर्ट्राम फोरर यांनी काढलं. मानसशास्त्राच्या प्राथमिक वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची त्यांनी व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास तुझा’ म्हणून निष्कर्ष दिला. मजकूर सगळ्यांना एकच, तोही बहुतांशी स्टॉलवरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. पोरांनी अचूकतेला पाचापैकी सरासरी चाराहून जास्त गुण दिले. (आपल्याकडच्या राशिभविष्यप्रेमींना हे सांगून पाहा. ‘सगळे वृश्चिकेचे असतील’ म्हणतील.)

तेव्हा घरात असा विद्यार्थी असेल, तर त्याच्याशी वाद घालू नका. तो ‘डिनायल’ म्हणून वहीत उतरवला जाईल.